पाटी आणि पाणी

महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावणारी सावित्री सह्याद्रीचा कडा उतरून प्रथम पोलादपुरास येते, पुढे महाडापाशी गांधारीचे पाणी पोटात घेते आणि बाणकोटास समुद्रास मिळते. इतिहासप्रेमी मंडळींस हे खोरे परिचयाचे असते ते मुख्यतः शिवकाळामुळे. महाडाहून रायगडाची वाट निघते. पोलादपूर तालुक्यात उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव आहे. खुद्द पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी दाखवितात. शाळांच्या सहली या स्थळांना येतात, गुरुजी मोठ्या अभिमानाने पराक्रमाच्या कथा सांगतात आणि मुलेही त्या डोळे विस्फारून ऐकतात. परंतु याच खोऱ्यात, महाडच्या भरवस्तीत, विसाव्या शतकात एक निराळा इतिहास घडला. लहान मुलांच्या शिक्षणाशी त्याचा संबंध किती निकटचा आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांस ठाऊक आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, ही नोंद पाठ्यपुस्तकांतही सापडते. परंतु तळ्याचा प्रश्न ऐरणीवर येण्यापूर्वी तोच प्रश्न महाडात शाळेच्या दारात उभा राहिला होता, आणि तो उपस्थित करणारा अकरा-बारा वर्षांचा एक विद्यार्थी होता. मुलांस परस्परांविषयी आदर कसा शिकवावा, नागरिकत्वाचे संस्कार कोणत्या वयात व कोणत्या रीतीने करावेत, याविषयी पुष्कळ बोलले व लिहिले जाते. त्या चर्चेस महाडचा इतिहास मोठे मार्मिक उत्तर पुरवितो. धड्यातील वाक्यावरून मूल आदर थोडाच शिकते. शाळेत आपणास कोणाशेजारी बसविले जाते आणि पाणी कोणत्या भांड्यातून मिळते, यावरून ते पुष्कळ शिकते.

या प्रश्नाची मुळे महाडाहून जुनी आहेत. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. एका मुलासाठी इतरांचा रोष ओढवून घेणे मुंबई सरकारास त्या वेळी प्रशस्त वाटले नाही. पुढे १८५८ साली, ज्या शाळांचा सर्व खर्च सरकार सोसते त्या सर्व जातींच्या मुलांस खुल्या राहतील, असे धोरण जाहीर झाले. कागदावर दार उघडले. पण ज्यांनी ते प्रत्यक्षात उघडावयाचे ते शिक्षक, ते पंच आणि ते पालक पूर्वीचेच होते. परिणामी कित्येक ठिकाणी अस्पृश्य मुलास शाळेत घेतले गेले, परंतु वर्गात घेतले गेले नाही. त्याची जागा ओटीवर किंवा व्हरांड्यात, आणि पाटी तपासावयाची ती दुरून.

महाडाहून पोलादपूर, तेथून आंबेनळीचा घाट आणि महाबळेश्वर या वाटेने गेले की सातारा लागते. तेथील सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालवयीन भीमरावाचे नाव दाखल झाले. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्यास आरंभ केला आहे. त्या शाळेतील आपले अनुभव पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेवले. बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा घरून न्यावा लागे व संध्याकाळी घरी परत आणावा लागे. तहान लागली तर स्वतः तोटी उघडण्याची मुभा नव्हती. शिपायाने पाणी सोडले तरच ओठ ओले व्हावयाचे, आणि शिपाई हजर नसला की दिवस कोरडाच जावयाचा.

हा अन्याय सोसणाऱ्या बालकाविषयी सहानुभूती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच वर्गात आत, सतरंजीवर बसलेल्या इतर मुलांचे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्यांनाही त्या दिवशी एक धडा मिळत होता. आपल्याच वयाच्या, आपल्याइतक्याच हुशार मुलाच्या स्पर्शाने पाणी बाटते, हे त्यांस कोणत्याही पुस्तकातून शिकविले गेले नव्हते. बसण्याच्या मांडणीने ते शिकविले. शिपायाच्या हातातील भांड्याने ते शिकविले. दररोज, न बोलता, न परीक्षा घेता दिलेला तो धडा इतका पक्का झाला की पुढे मोठेपणी हीच मंडळी नगरपालिकेत, पंचायतीत आणि बाजारात तोच गिरवीत राहिली.

महाडच्या बाबतीत आणखी एक विशेष होता. या परिसरातील अनेक महार कुटुंबांनी इंग्रजी लष्करात चाकरी केली होती. पलटणीत शिक्षणाची सोय असे. त्यामुळे निवृत्त होऊन गावी परतलेले सुभेदार-हवालदार लिहिते-वाचते होते, जग पाहून आलेले होते. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतील अग्रणी. सेवानिवृत्तीनंतर जोतीराव फुल्यांच्या विचारांनी भारावून त्यांनी लेखणी हाती घेतली, वृत्तपत्रांतून लिहिले आणि १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. १८९५ साली सरकारने त्यांची नेमणूक महाड तालुका लोकल बोर्डावर केली, तेव्हा उच्चवर्णीय सभासदांत मोठी नाराजी उसळली. वयोवृद्ध, अनुभवी, लेखक म्हणून नाव मिळविलेला गृहस्थ शेजारच्या खुर्चीवर बसणार, हे प्रतिष्ठित सभासदांस सहन होईना. शाळेतील सतरंजीवर जे शिकले, तेच बोर्डाच्या बैठकीत प्रकट झाले.

अशा वातावरणात, महाडजवळच्या लाडवली गावी १९०३ साली रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म झाला. पुढे कामगार चळवळीत ‘कॉम्रेड आर. बी. मोरे’ म्हणून ते प्रसिद्धीस आले. प्राथमिक शिक्षण संपताच त्यांनी शिष्यवृत्तीची परीक्षा दिली व तीत यश मिळविले. १९१४ च्या सुमारास हा गुणी विद्यार्थी महाडच्या इंग्रजी शाळेत नाव घालण्यास गेला असता त्यास प्रवेश नाकारण्यात आला. येथपर्यंतची हकीकत त्या काळच्या असंख्य मुलांच्या हकीकतीसारखीच आहे. निराळी गोष्ट पुढे घडली. त्या मुलाने आपली तक्रार पत्रात लिहून वृत्तपत्राकडे धाडली. पत्र छापून आले, गोष्ट चारचौघांत गेली, आणि शाळेस अखेर त्यास प्रवेश द्यावा लागला.

नागरिकशास्त्राच्या दृष्टीने ही लहानशी घटना फार मोलाची आहे. अन्याय झाला असता रडत घरी न जाता, किंवा दगड न उचलता, नियम काय आहे हे विचारावे, आपले म्हणणे लिहून मांडावे, ते सार्वजनिक करावे आणि निर्णय बदलून घ्यावा, ही नागरिकाची खरी विद्या होय. शाळेने जी विद्या देण्याचे नाकारले, ती त्या मुलाने शाळेच्या दारातच मिळविली. पुढे तोच मुलगा तरुण वयात डॉ. आंबेडकरांच्या भेटीस गेला आणि कुलाबा जिल्ह्यातील बहिष्कृतांची परिषद महाडास भरवावी, असा आग्रह त्याने धरला. चवदार तळ्याकडे जाणाऱ्या वाटेचा आरंभ अशा रीतीने एका शाळेच्या उंबरठ्याशी झाला.

मध्यंतरी कायद्याने आपले पाऊल टाकले होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. एकाच ठरावात पाणवठा आणि शाळा यांचा उल्लेख शेजारी शेजारी यावा, हे अगदी यथार्थ होते. त्याच वर्षी सरकारने असेही जाहीर केले की, अस्पृश्य मुलांस प्रवेश नाकारणाऱ्या खाजगी शाळांचे अनुदान बंद होईल. या ठरावास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांस खुले असल्याचे ठरविले.

ठराव झाला खरा, परंतु तळ्यावर त्याचा काही परिणाम दिसला नाही. मुसलमान व ख्रिस्ती तेथे पाणी भरू शकत, गुरेढोरे पाणी पीत. मात्र खेड्यांतून बाजारास आलेल्या महार-चांभारांस तहानलेलेच राहावे लागे. मनाई करणारा शिपाई उभा करण्याची गरजही उरली नव्हती. दोन्ही बाजूंच्या मनांत लहानपणी घातलेली रेघ तेवढ्यास पुरेशी होती. कायदा मोठ्या माणसांच्या हक्कांविषयी बोलतो. ते हक्क वापरण्याचे धैर्य, आणि दुसऱ्याने ते वापरले असता स्वस्थ राहण्याचे औदार्य, ही मात्र बाळपणीची कमाई असते. १९२३ नंतरच्या तीन-चार वर्षांत महाडात नेमकी याच कमाईची उणीव उघडी पडली.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. पंधरा वर्षांच्या मुलांपासून सत्तर वर्षांच्या वृद्धांपर्यंत माणसे खांद्यावर भाकरीचे गाठोडे टाकून पायी आली. परिषदेत संमत झालेल्या मागण्यांत सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण द्यावे, अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांस साहाय्य करावे आणि बोले यांच्या ठरावाची अंमलबजावणी व्हावी, यांचा समावेश होता. दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांच्या सूचनेनुसार सारी परिषद शिस्तीने चवदार तळ्याकडे निघाली. डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, मागोमाग इतरांनी घेतले, आणि मंडळी शांतपणे परतली.

त्यानंतर काही तासांतच गावात अफवा उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेतलेल्या जमावाने मंडपात जेवत असलेल्या व परतीच्या वाटेस लागलेल्या लोकांवर हल्ला केला. पुढे पंचगव्य मिसळलेल्या पाण्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि डिसेंबरात तळे खाजगी असल्याचा दावा न्यायालयात दाखल झाला. महाडचे व ठाण्याचे न्यायालय होऊन वाद मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला. १७ मार्च १९३७ रोजी तेथे निकाल लागला: अस्पृश्यांस वगळणारी अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही, सबब तळ्यावर सर्वांचा हक्क आहे. ओंजळभर पाण्याचा निवाडा होण्यास सव्वानऊ वर्षे लागली.

या हकीकतीत महाडचे सगळेच सवर्ण एका बाजूस होते, असे समजणे अन्यायाचे होईल. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे आणि गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे सत्याग्रहाच्या बाजूने ठाम उभे राहिले. डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेस मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. बाळपणी गिरविलेला वाईट धडा प्रौढपणी पुसता येतो, याचे हे पुरावे होत. परंतु तो पुसण्यासाठी असामान्य मनोबल लागते, आणि असामान्य मनोबलावर भिस्त ठेवून कोणत्याही समाजाचा नित्याचा व्यवहार चालत नाही. म्हणून मुळात धडाच योग्य घालून देणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो.

डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असता त्यांस जॉन ड्यूई यांच्यासारखे तत्त्वज्ञ गुरू लाभले. लोकशाही व शिक्षण यांवरील ड्यूईंचा प्रसिद्ध ग्रंथ १९१६ सालचा. त्यांच्या मते शाळा हा लहानसा समाजच असतो. लोकशाही म्हणजे सर्वांनी एकत्र मिळून जगण्याची रीत, आणि ती जगूनच अंगी बाणते. महाडच्या सत्याग्रहानंतर मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. आंबेडकर व ठक्करबाप्पा हे सभासद होते. या समितीने १९३० च्या अहवालात स्वतंत्र शाळांपेक्षा सर्व जातींच्या सामाईक शाळांवर भर दिला. वेगळ्या शाळेत अक्षरे कदाचित अधिक सुखाने शिकता येतील. शेजारी बसणे मात्र तेथे शिकता येत नाही.

त्याच सुमारास घाटमाथ्यावर या तत्त्वाचा प्रयोगही चालू होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले व त्यात सर्व जातींच्या मुलांस एकत्र ठेवले. ती मुले पाळीपाळीने पाणी भरीत, स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली. समतेवरील व्याख्यानांहून तेथील पिठाच्या परातीने व पाण्याच्या घागरीने अधिक काम केले. ज्याने भाकरी थापली त्याची जात विचारण्यास भुकेल्या मुलाला सवड नसते.

समुद्रापलीकडील एक उदाहरणही याच ठिकाणी आठवते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरविल्या. त्यानंतर १९६० च्या नोव्हेंबरात न्यू ऑर्लीन्स शहरी रुबी ब्रिजेस नावाची सहा वर्षांची कृष्णवर्णीय बालिका सशस्त्र अधिकाऱ्यांच्या संरक्षणात गोऱ्या मुलांच्या शाळेत गेली. गोऱ्या पालकांनी आपली मुले भराभर काढून नेली. पहिल्या वर्षी ती एकटीच वर्गात बसे व एकच शिक्षिका तिला शिकवी. न्यायालयाने तिच्यासाठी दार उघडले. शेजारचा बाक भरणे न्यायालयाच्या हाती नव्हते. महाडचा ठराव आणि हा रिकामा बाक यांची जात एकच.

२६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान अमलात आले. त्याच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली व पंधराव्याने सार्वजनिक विहिरी, तळी, दुकाने यांच्या वापरातील भेदास मनाई केली. चवदार तळ्याचा झगडा अशा रीतीने साऱ्या देशाच्या मूलभूत हक्कांत उतरला. २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून महाराष्ट्रातील शाळांत परिपाठाच्या वेळी संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन करण्याचा निर्णय झाला. न्याय, स्वातंत्र्य, समता व बंधुता हे शब्द त्यामुळे लहान मुलांच्या कानी पडतात. शब्द कानी पडणे ही चांगली सुरुवात आहे. तथापि पहिली-दुसरीच्या बालकास ‘बंधुता’ हा शब्द जड जातो. त्याला तो कळतो तो वाटीतील खिचडीवरून, बाकावरील जागेवरून आणि माठावरील पेल्यावरून.

महाड-पोलादपूरच्या डोंगरी भागात या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. कोकणातील गाव एकसंध नसते. ते वाड्यांचे बनलेले असते, आणि वाड्या बहुधा जातीजमातींनुसार वसलेल्या असतात. बौद्धवाडी एका अंगास, मराठवाडी दुसऱ्या अंगास, कातकरीवाडी रानाच्या कडेला, धनगरवाडी डोंगराच्या माथ्यावर. पाणवठे वेगळे, सण वेगळे, स्मशानेही पुष्कळदा वेगळी. अशा गावी निरनिराळ्या वाड्यांतील मुले रोज पाच-सहा तास एका छपराखाली येतात ती शाळेतच. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार २०२३ साली शासनाने पुढे आणला, तेव्हा अंतराची व वाहनाची चर्चा फार झाली, आणि ती आवश्यकच होती. परंतु एकत्र आलेल्या मुलांत वाडीवाडीचा भेद मिटतो की बाकावर तो नव्याने मांडला जातो, हे पाहणेही तितकेच आवश्यक ठरते.

ते पाहण्यासाठी मोठ्या साधनांची जरूर नाही. बसण्याच्या जागा आठवड्यास बदलाव्यात, म्हणजे प्रत्येक मूल केव्हा ना केव्हा प्रत्येकाच्या शेजारी बसते. माठ एकच असावा आणि तो भरण्याची पाळी सर्वांवर यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर देशभर शाळांत शिजविलेले अन्न देण्याची व्यवस्था झाली. तिची पंगत सरमिसळ बसावी व वाढणारे हात सगळ्या वाड्यांचे असावेत. केर काढणे मुलींचे व घंटा वाजविणे मुलग्यांचे, अशी वाटणी नसावी. टोपणनाव, आडनाव वा वाडीचे नाव घेऊन कोणी कोणास हिणविले, तर गुरुजींनी ते ऐकून न ऐकल्यासारखे करू नये. दोघांस बोलावून, एकाचे दुसऱ्याने पुरते ऐकून घ्यावे, अशी सवय लावावी. तक्रार निर्भयपणे मांडता येणे हा आदराचाच दुसरा भाग आहे, हे महाडच्या त्या शाळकरी मुलाने दाखवून दिले आहे.

या सर्वांहून प्रभावी ठरते ते शिक्षकाचे स्वतःचे वर्तन. कोणाच्या हातचे पाणी गुरुजी घेतात, कोणाच्या घरी सहज जातात, कोणत्या मुलाच्या पाठीवर हात ठेवतात, हे मुले बारकाईने टिपतात. व्हरांड्यातील मुलाची पाटी दुरून तपासणाऱ्या शिक्षकानेही एक धडा शिकविला होता, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या कोणी विसरले नाही. पाटी हातात घेणाऱ्या शिक्षकाचा धडाही तितकाच टिकतो.

घरच्या मंडळींनाही हेच लागू पडते. शहरातील सुशिक्षित कुटुंबात पाणवठ्याचा वाद उरलेला नाही, असे मानण्याची प्रथा आहे. परंतु घरकामास येणाऱ्या बाईंचा चहाचा पेला निराळ्या कोनाड्यात ठेवलेला असेल, तर घरातील बालक त्या पेल्याचा अर्थ बरोबर लावते. मग संध्याकाळी त्याच बालकास समतेचा धडा पाठ करून दाखविण्यास सांगणे व्यर्थ होय.

चवदार तळ्याच्या काठी शाळांच्या सहली येतात. मुले पुतळ्यास वंदन करतात, तळ्याच्या पाण्याकडे पाहतात व परततात. त्या तळ्याचे पाणी सर्वांचे आहे, हे सिद्ध करण्यास न्यायालयांत सव्वानऊ वर्षे खर्ची पडली. शाळेतला माठ सर्वांचा आहे, हे सिद्ध करण्यास एक सकाळ पुरते. मात्र ती सकाळ रोज उगवावी लागते.